विमानांची दुरुस्ती आणि कामगाराची सही



चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा महागाई, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर तासभर बोलेल. आम्ही विमानांच्या दुरुस्तीचा विषय कळवला, तर त्यांनी उलट विचारले, "आपण विमान कंपनीत होता काय?" नव्हतो. आमचे शिक्षण नववीपर्यंत, कारण पुढच्या फीचे पैसे घरात नव्हते. धंदा फिटरचा, आणि तोही मोटारगाड्यांचा. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु गेली वीस-पंचवीस वर्षे आम्हाला एक वेड लागले आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात विमान पडले की त्याच्या चौकशीचा अहवाल तिथले सरकार प्रसिद्ध करते आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. शब्दकोश शेजारी घेऊन आम्ही ते अहवाल वाचतो. लोक कादंबऱ्या वाचतात तसे. आमच्या कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी साहेबांच्या खोलीत सुरू होते आणि तिथेच पुरली जाते. या अहवालांत मात्र कोणता स्क्रू कोणी कोणत्या पाळीत आवळला, हे लिहिलेले असते. फिटरला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

दुसरे असे की, ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ पासून आपल्या उशाशी आहे. तिथून निवृत्त झालेली चार माणसे तरी या सभेत बसली असतील. आमचे काही चुकले तर त्यांनी खुशाल कान धरावा. २०२४ साली त्या कारखान्याच्या चालक कंपनीने, म्हणजे एचएएलने, एअरबसशी करार केला. ए-३२० जातीच्या प्रवासी विमानांची देखभाल नाशकात व्हावी, असा त्याचा हेतू आहे. तेव्हा विषय दूरचा वाटला तरी तो आपल्या वेशीपर्यंत आलेला आहे.

आता दुरुस्ती म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. विमान मुक्कामाला आले की टायर, तेल, दिवे यांची पाहणी होते. ती घरचीच माणसे करतात. काहीशे तासांच्या उड्डाणानंतर 'ए चेक' होतो. दीड-दोन वर्षांनी 'सी चेक' होतो आणि त्यासाठी विमान हँगरमध्ये जाते. सहा ते दहा वर्षांनी त्याची मोठी उघडणी, तिला 'डी चेक' म्हणतात. त्या वेळी आसने, छताचे पत्रे, जमीन सारे काढून विमान सांगाड्यापर्यंत मोकळे करतात आणि आतल्या बरगड्यांना कुठे तडा, कुठे गंज धरला आहे ते दिवे लावून पाहतात. यात हजारो मजूर-तास जातात. प्रत्येक कामाचे एक कार्ड असते, त्यावर करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, आणि शेवटी एक परवानाधारक अभियंता सही करतो की, हे विमान उडण्यास योग्य आहे. आपण तिकीट काढतो तेव्हा वैमानिकावर आणि त्या सहीवर असा दोघांवर विश्वास टाकतो. वैमानिकाची टोपी तरी दिसते. सही करणारा कोण, हे आपल्याला कधीच कळत नाही.

हे जे हजारो मजूर-तास आहेत, तिथेच मालकाचे लक्ष जाते. कापडाची गिरणी उचलून दुसऱ्या देशात नेणे सोपे नाही. विमान मात्र स्वतःच्याच पंखांनी स्वस्त मजुरीच्या गावाला जाऊन उतरते. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहराची गोष्ट पाहा. युनायटेड या कंपनीने तिथे प्रचंड दुरुस्ती-तळ उभारावा म्हणून शहराने आणि राज्याने मिळून सुमारे ३० कोटी डॉलर घातले. हजारो नोकऱ्यांचे वचन होते. १९९४ मध्ये तळ सुरू झाला आणि २००३ मध्ये कंपनीने तो बंद केला. पुढल्या वर्षी त्याच हँगरांच्या काही भागांत एक दुरुस्ती-कंत्राटदार कंपनी आली. लोकांचा पैसा, लोकांचे हँगर, आणि काम ठेक्याचे! अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी नऊ मोठ्या कंपन्यांचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, २००३ मध्ये मोठ्या चेकांपैकी ३४ टक्के बाहेर जात होते, ते २००७ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. 'बाहेर' म्हणजे काही अमेरिकेतल्याच ठेकेदारांकडे, आणि काही एल साल्वादोर, मेक्सिको, चीन, सिंगापूर इथे.

कामगारांनी लढत दिली नाही असे नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्ट कंपनीचे सुमारे ४,४०० मेकॅनिक आणि सफाई कामगार संपावर गेले. कंपनीला दोन हजारांवर जागा कमी करायच्या होत्या आणि पगारात चौथाईची कपात हवी होती. संप सव्वा वर्ष कागदावर चालला, परंतु पहिल्या आठवड्यातच हरला होता, कारण वैमानिक, हवाई सेवक आणि सामान चढवणारे यांच्या संघटना त्यांच्या बरोबर उतरल्या नाहीत. मेकॅनिकांची संघटना कसबी लोकांची, तिने आधी इतरांपासून फारकत घेतलेली. मग अडचणीच्या दिवशी कोण येणार? हे आम्ही आमच्याच लोकांना सांगत असतो. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडची कथा तऱ्हेवाईक आहे. एअर इंडियाने २००५ च्या अखेरीस बोइंगची ६८ विमाने घेण्याचे ठरवले, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने नागपूरला मिहानमध्ये दुरुस्ती-केंद्र बांधून दिले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. इतके असूनही वर्षानुवर्षे भारतीय कंपन्यांची मोठी कामे सिंगापूरला, श्रीलंकेला, आखातात जात राहिली, कारण देशात केलेल्या दुरुस्तीवर १८ टक्के कर होता आणि बाहेर नेलेली दुरुस्ती त्याहून स्वस्त पडत असे. २०२० च्या एप्रिलपासून तो कर ५ टक्के झाला. म्हणजे आपले फिटर घरी बसले होते ते कसब कमी होते म्हणून नव्हे, कराच्या कोष्टकातला एक आकडा चुकला होता म्हणून. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, पण तिची अभियांत्रिकी कंपनी सरकारकडेच राहिली. विमान एका घरी आणि ते ओळखणारा फिटर दुसऱ्या घरी, अशी वाटणी झाली.

आता दर्जाचा प्रश्न. या व्यासपीठावर उभे राहून 'परदेशी कामगार अडाणी, आमचा हुशार' असे म्हटले तर टाळ्या मिळतील, पण ते खोटे होईल. सिंगापूरचे, हाँगकाँगचे, जर्मनीचे हँगर जगात नावाजलेले आहेत. आखातातल्या हँगरांत तर आपलीच मुले काम करतात. शिवाय उद्या ओझरला किंवा नागपूरला दुसऱ्या देशाचे विमान आले की, तिथल्या कामगारांच्या दृष्टीने 'स्वस्त परदेशी' आपणच ठरणार. तेव्हा दोष शोधायचा तो माणसाच्या जातीत आणि देशात शोधू नये. अहवाल वाचले तर तो कुठे सापडतो ते सांगतो.

११ मे १९९६. मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान उड्डाणानंतर दहा-अकरा मिनिटांत दलदलीत कोसळले. ११० माणसे गेली. कंपनी नवी, स्वस्त तिकिटांची. दुरुस्ती सारी बाहेर दिलेली. मायामीच्या एका ठेकेदाराच्या हँगरमध्ये तिच्या दुसऱ्या विमानांतून प्राणवायूच्या जुन्या नळकांड्या काढण्याचे काम चालले होते. हवेचा दाब गेला की डोक्यावरून मुखवटे खाली येतात ना, त्यांना प्राणवायू पुरवणारी ही नळकांडी. आतल्या रसायनाला चेतवणी मिळाली की ती भाजण्याइतकी तापतात. म्हणून कार्डावर स्पष्ट लिहिले होते की, नळकांडी काढल्यावर तिच्या चापावर प्लॅस्टिकची टोपी बसवावी. तशा टोप्या त्या हँगरमध्ये नव्हत्याच. किंमत म्हणाल तर काहीच नाही, बाटलीच्या बुचाएवढी. पण काम उशिरा झाले तर ठेकेदाराला दर विमानामागे दर दिवशी २,५०० डॉलर सोडावे लागणार होते. त्या एका कार्डावर ७२ माणसांनी मिळून सुमारे ९१० तास लावले होते. त्यांतली बहुतेक हंगामी, दुसऱ्या ठेकेदारांनी पुरवलेली. टोप्या बसवल्या नाहीत, सह्या मात्र झाल्या. खोकी कोपऱ्यात पडून राहिली. पुढे एक नवे गिऱ्हाईक हँगर पाहायला येणार म्हणून झाडलोट निघाली, तेव्हा ती खोकी बांधून कारकुनाने कागदावर 'रिकामी' असे लिहिले आणि ती त्याच कंपनीच्या प्रवासी विमानाच्या पोटात चढली. नळकांडी रिकामी नव्हती.

हे परदेशात घडलेले नाही, हे ध्यानात घ्या. विमानतळाच्या आवारातच घडले. बाहेर काम देणे म्हणजे अंतर वाढवणे, पण ते अंतर मैलांत मोजता येत नाही.

दुसरा अहवाल त्याहून बोलका आहे. ८ जानेवारी २००३ रोजी शार्लट विमानतळावरून एक लहान विमान उडाले, नाक आकाशाकडे गेले ते खाली आलेच नाही. २१ जण ठार झाले. वजनाचा हिशेब चुकीचा होता हे एक कारण. दुसरे असे की, दोन रात्री आधी त्याच्या शेपटीच्या पडद्याची तार आवळताना तिची चाल जवळजवळ निम्मी कापली गेली होती. विमान एका कंपनीचे, रंग दुसरीचा, दुरुस्तीचा ठेका तिसरीकडे, आणि मेकॅनिक चौथीने पुरवलेला. त्या मेकॅनिकने त्या जातीच्या विमानावर हे काम पूर्वी केलेले नव्हते. शिकवायला एक तपासनीस होता. काही पायऱ्यांची गरज नाही असे दोघांनी मिळून ठरवले, आणि मग त्याच तपासनिसाने काम तपासून सही केली. ज्याने शिकवले त्यानेच परीक्षा घेतली. आमच्या गॅरेजमध्ये हे रोज होते, आपल्याही कचेऱ्यांत होत असेल!

आणि न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे विमान समुद्रात पडले, ८८ जण गेले. शेपूट खाली-वर करणारा एक मोठा स्क्रू असतो, त्याच्या नटाचे आटे झिजून गेले होते, कारण त्याला पुरेसे ग्रीस मिळाले नव्हते. हे काम कंपनीच्याच हँगरमधले, पगारी नोकरांच्या हातचे. १९९७ च्या सप्टेंबरात ओकलंडच्या तळावर एका मेकॅनिकने मोजमाप घेऊन लिहिले होते की, झीज मर्यादेच्या टोकाला आली आहे, नट बदला. पुढच्या पाळीने पुन्हा मोजले, झीज मर्यादेत भरली, आणि विमान सोडले. इंग्लंडात १९९० साली वैमानिकाच्या काचेला ९० बोल्टांपैकी ८४ बारीक व्यासाचे बसले. काच उडाली, कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला, सुदैवाने वाचला. तेही घरचेच काम होते, पहाटेच्या पाळीत, जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून केलेले.

मग फरक काय राहिला? आमच्या मते एवढाच की, तडा पाहणाऱ्या माणसाला 'हे विमान जाणार नाही' असे म्हणता येते की नाही, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तो कामावर असतो की नाही. अलास्काच्या त्या मेकॅनिकने निदान लिहिले. कायम नोकर होता, संघटना होती, म्हणून लिहू शकला. आणि त्याने लिहिले होते म्हणूनच पुढे चौकशीत ते सापडले. व्हॅल्यूजेटच्या हँगरमधल्या हंगामी मजुराने टोप्यांसाठी काम थांबवले असते तर पुढल्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा आला असता.

आम्ही हे इतक्या खात्रीने बोलतो त्याला कारण आहे. ते सांगणे सोपे नाही, पण विषय काढला आहे तर सांगितले पाहिजे. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका खासगी प्रवासी वाहतूक कंपनीच्या गॅरेजमध्ये फिटर होतो. कंपनीने ब्रेकचे लायनर बसवण्याचे काम बाहेर द्यायला सुरुवात केली होती. बाहेरून शू बांधून येत, आम्ही ते चढवायचे आणि रजिस्टरवर सही करायची. एका संध्याकाळी आलेल्या जोडीत एका लायनरला रिव्हेटच्या भोकापासून केसाएवढा तडा दिसला. आम्ही फोरमनसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, "लग्नाची गाडी आहे, पहाटे सुटायची आहे. काम बाहेरच्याचे, बिल बाहेरच्याचे, जबाबदारी त्याची. तू चढव आणि सही कर." आम्ही चढवला आणि सही केली. कामाला लागून आठ महिने झाले होते, कायम व्हायचे होते.

वऱ्हाड पोचवून गाडी रिकामी परत येत होती, हे नशीब. घाटाच्या उतारावर ब्रेक लागेना तेव्हा ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या बाजूला घातली. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीत आमचे रजिस्टर पाहिले गेले. सही व्यवस्थित होती, म्हणून ब्रेक व्यवस्थित होते असे ठरले, आणि गाडी वेगात घेतल्याचा ठपका ड्रायव्हरवर आला. आम्ही त्या खोलीत हजर होतो. बोललो नाही. वर्षभराने त्यांच्या घरी जाऊन खरे सांगितले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मी निघताना रजिस्टर बघायचो. तुझी सही होती, म्हणून गाडी बाहेर काढली." काका आता हयात नाहीत. त्यांच्या भरपाईचे प्रकरण लढवताना आम्ही पहिल्यांदा युनियनच्या कचेरीची पायरी चढलो, ती आजतागायत चढतो आहोत. भरपाई मिळाली, ठपका मात्र निघाला नाही.

म्हणून परदेशी दुरुस्तीचा विचार करताना आम्ही पाहतो तो हिशेब असा. अमेरिकेच्या हद्दीतल्या दुरुस्ती-केंद्रात देखरेख करणाऱ्याकडे सरकारी परवाना असावा लागतो; हद्दीबाहेरच्या केंद्रात ती सक्ती नाही. ठरावीक अनुभव किंवा प्रशिक्षण असले आणि इंग्रजी वाचता-लिहिता आले की झाले. परदेशी केंद्रांतल्या कामगारांच्या नशापाण्याची तपासणी व्हावी असा कायदा २०१२ मध्ये झाला, त्याचा नियम उतरला २०२४ च्या डिसेंबरात. बारा वर्षे लागली! पूर्वसूचना न देता तपासणी करण्याचे कलमही २०२४ च्याच कायद्यातले. तोवर निरीक्षक निघण्याआधी वर्दी द्यावी लागे, परवानगी आणि व्हिसा घ्यावा लागे. ज्या हँगरला पाहुणा कधी येणार हे ठाऊक असते तिथे झाडलोट कशी होते, हे वरच्या खोक्यांवरून आपण पाहिलेच. २००९ च्या जानेवारीत ओमाहाहून फिनिक्सला चाललेले एक विमान दाराच्या कडेतून हवा सुटू लागल्याने डेन्व्हरला उतरवावे लागले. एल साल्वादोरच्या हँगरमध्ये दाराचा एक भाग उलटा बसला होता, असे अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओने त्याच वर्षी शोधून सांगितले. कोणी दगावले नाही. परदेशी हँगरमधल्या दुरुस्तीमुळे मोठ्या अमेरिकन कंपनीचे विमान पडून माणसे गेली, असा ठपका ठेवणारा एकही अहवाल आमच्या वाचनात नाही, हेही सांगून टाकतो. प्रतिपक्षाचा तो सर्वांत मोठा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. पण केसाएवढ्या तड्याची गाडीही शंभर वेळा घाट उतरते.

आणि घरी काय चालते? २०२२ च्या जुलैमध्ये आपल्या नागरी विमान महासंचालनालयाने अचानक तपासण्या केल्या, तेव्हा असे आढळले की मधल्या थांब्यांवर पुरेशी माणसे नाहीत, बिघाडाचे मूळ नीट शोधले जात नाही, आणि मर्यादित परवान्याचे लोक विमाने सोडत आहेत. पूर्ण परवान्याच्या अभियंत्यानेच विमान सोडावे असा हुकूम निघाला. त्याच महिन्यात काही तंत्रज्ञ कमी पगाराच्या निषेधार्थ एकाच वेळी आजारी पडले होते. आम्हाला ते आजारपण चांगले समजते.

तेव्हा काम बाहेर जाऊच नये, असा हट्ट आम्ही धरत नाही. नाशकात बाहेरचे काम यावे असे म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या दारात तो हट्ट कसा धरील? आमचे मागणे असे की, काम जिथे जाईल तिथे कंपनीचा स्वतःचा परवानाधारक माणूस हँगरमध्ये उभा असावा आणि विमान थांबवण्याचा अधिकार त्याला असावा, नुसता दिवस मोजण्याचा नको. सही नाकारणाऱ्याला, मग तो हंगामी का असेना, कामावरून काढता येऊ नये. शिकवणारा आणि तपासणारा एक नसावा. विमानाची मोठी उघडणी शेवटची कुठे आणि केव्हा झाली, हे कंपनीने जाहीर करावे. पाकिटबंद खाऊवर तारीख छापतात, मग एवढे करायला काय हरकत आहे? आणि ओझरला हे काम सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवसापासून तिथे कायम माणसे किती आणि कंत्राटी किती, हा प्रश्न नाशिककरांनी विचारावा. इंडियानापोलिसच्या लोकांनी पैसे घातल्यावर विचारला. तेव्हा उशीर झाला होता.

चिठ्ठ्या पुष्कळ आल्या आहेत, अध्यक्षांनी घड्याळही दाखवले आहे. एकच घेतो. एका भगिनींनी विचारले आहे, "हे सगळे केले तर तिकीट महाग होणार नाही का?"

होईल. थोडे महाग होईल.